पंधरा रुपयांची वर्गणी

मोबाइल खाली ठेवा. हो, तुझाही. बेळगावच्या शाळेत तुम्हाला एकदा सांगितलेलं कळायचं. बेंगळुरूला येऊन पगार वाढले, तसे कानही जड झाले काय?

गेल्या रविवारी इंदिरानगरात तुम्ही मला जेवायला नेलंत. बिल आलं साडेसहा हजार, आणि आठ जणांत कोणी हूं की चूं केलं नाही. उलट मीच देतो, मीच देतो म्हणून भांडलात. आणि बडीशेप तोंडात टाकल्याबरोबर कुरकुर सुरू. आपला मॅस्टोडॉनचा, म्हणजे ट्विटरऐवजी घेतलेला, सर्व्हर हल्ली रडतखडत चालतो, फोटो चढत नाहीत, शनिवारी दोन तास बंदच होता, आणि ‘तो’ निरोपाला उत्तर देत नाही. ‘तो’ म्हणजे कोण? तुमच्याच बाकावर बसून तुम्हाला गृहपाठ उतरवू देणारा मुलगा. त्या दिवशी तो जेवायला आला नव्हता. का आला नाही, हे एकाने तरी विचारलं?

मी विचारलं. दुसऱ्या दिवशी मेट्रोने त्याच्या घरी गेलो आणि हिशेबाची वही मागितली. पोराने वही ठेवली आहे. चला, माझ्या शिकवण्याचं एकाने तरी चीज केलं. सभासद तीनशे. सर्व्हरचं भाडं, फोटो साठवायची जागा, बॅकअप, डोमेन, सगळं मिळून महिन्याला साडेचार हजार. आता भागाकार करा. मोठ्याने! माणशी पंधरा रुपये. दर्शिनीत उभ्याने घेतलेल्या एका फिल्टर कॉफीच्या आसपास. देणारे किती? अकरा. त्या अकरांत तुमच्या आठांपैकी एकाचंही नाव नाही. उरलेले पैसे तीन वर्षं तो स्वतःच्या खिशातून घालतो आहे.

सोसायटीच्या गणपतीला मात्र पाचशे एक न मागता देता. का, ते मला माहीत आहे. तिथे यादी लिफ्टशेजारी लागते.

पैशाचं एक वेळ सोडा. त्याच्या रात्रींचं काय? अॅक्टिव्हिटीपब म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं? 2018 साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलेली, सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायची ही पद्धत. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचा मजकूर त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्या सर्व्हरवर येऊन पडतो. तू टोकियोतल्या मांजरांचे फोटो बघतोस, त्यांच्या प्रती या पोराच्या डिस्कवर साठतात. डिस्क भरली की हा उठून साफ करतो. कोणी कोणाला शिवी दिली, की तक्रार याच्याकडे. सरकारचे 2021 चे आयटी नियम तुम्ही वाचलेत? तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. तुमच्या कंपनीत त्यासाठी अख्खा विभाग असतो, इथे एकटा माणूस आहे आणि त्याला सकाळी नऊला ऑफिस आहे.

जुलै 2023 मध्ये मॅस्टोडॉनच्या सुरक्षेत भलं मोठं भगदाड सापडलं. तेही आपोआप सापडलेलं नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने पैसे मोजून तपासणी करवली, तेव्हा सापडलं. दुरुस्ती लगेच निघाली. पण ती प्रत्येक सर्व्हरवर कोणीतरी हाताने बसवावी लागते. आपल्या सर्व्हरवर कोणी बसवली? तुम्हाला आठवत नाही, कारण तुम्ही झोपला होता.

तुम्ही इथे आलात तरी कशाला, ते आठवा. 2019 च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, म्हणून रागारागाने एक लोंढा आला. 2022 च्या ऑक्टोबरात मस्कने ट्विटर विकत घेतलं, तेव्हा दुसरा. केवढ्या घोषणा होत्या तुमच्या! मालक नको, जाहिराती नकोत, आमचं घर आम्ही चालवू. ठीक. मग घरपट्टी कोण भरणार?

मालकाचं घर कसं असतं, तेही याच गावात बघितलंत. ट्विटरसारखं ‘कू’ बेंगळुरूचंच. मराठीतही होतं, भरात असताना रोजचे 21 लाख वापरणारे होते आणि गुंतवणूकदारांचे 5 कोटी डॉलरहून अधिक मिळाले होते. जुलै 2024 मध्ये बंद झालं. कुणाशी सौदा जमला नाही आणि नवे पैसे आले नाहीत, इतकंच. वापरणाऱ्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते मालक कुठे होते?

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ, म्हणून ‘फ्री सॉफ्टवेअर’वाल्या बिचाऱ्यांना जन्मभर समजावत बसावं लागतं. आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द आहेत, मुक्त आणि फुकट. मातृभाषेने एवढी सोय करून दिली असताना तुम्ही पुन्हा दोन्ही एकाच डब्यात भरलेत.

‘कंपन्यांनी द्यावं, सर,’ असं मागून कोण म्हणालं? उभा राहा. द्यावंच. याच शहरातल्या झेरोधा या शेअर दलाल कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तुझी कंपनी लिनक्सवर चालते ना? तिने काय दिलं? ऑफिसात हा प्रश्न विचारायची तुझी छाती झाली नाही, आणि इथे दुसऱ्याच्या दानावर बोट दाखवतोस. शिवाय तो निधी जगभरच्या प्रकल्पांसाठी आहे, एकेकाला दहा हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत. तुझं पंधरा रुपयांचं देणं त्यातून वळतं करून देतील, अशी आशा ठेवू नकोस.

मॅस्टोडॉन लिहिणारा ऑयगेन रोख्को जर्मनीतला. 2022 मध्ये पाचाहून अधिक गुंतवणूकदार दारात आले, त्यांना त्याने परत पाठवलं. त्या वर्षी देणग्यांतून सव्वातीन लाख युरोंच्या आसपास जमले, त्यांवर काम चाललं. 2025 च्या नोव्हेंबरात तोही प्रमुखपदावरून उतरला. हे काम ताणाचं आहे, हे त्याने लपवलं नाही. त्याच्या हाताखाली माणसं तरी होती. तुमच्या मित्राच्या हाताखाली एक जुना लॅपटॉप आहे. मला म्हणाला, ‘सर, डिसेंबरात बंद करीन म्हणतो.’ रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

मी रविवारच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगावला परततो. शनिवारी संध्याकाळी सहाला त्याच्या घरी वही उघडून बसणार आहे. प्रत्येकाने वर्षाचे एकशेऐंशी रुपये आणि मागच्या तीन वर्षांची बाकी आणायची. सर्व्हर सांभाळायला शिकायच्या तयारीने दोघांनी लॅपटॉप घेऊन यायचं. महिन्यातून पंधरा दिवस त्याला झोप मिळाली पाहिजे. ते दोघे कोण, हे तुम्ही ठरवा, नाहीतर मी नावं घेईन. हजेरी मीच घेणार आहे.