ओतीव आणि विरजलेलं

खारघरला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी माझ्या भाचीला विचारलं, "अजून शिकतेच आहेस का गं?" ती एकोणतीस वर्षांची आहे, सिंथेटिक बायॉलॉजीत पीएच.डी. करते. "हो काका," म्हणाली आणि उतरली. मला मात्र तो प्रश्न दोन दिवस टोचत राहिला.

पीएच.डी. करणारी ही मुलं शिकत नाहीत, घडवतात, असं माझं ठाम मत होतं. जनुकं वाचायचे दिवस मागे पडले, आता ती लिहिली जातात, हे नव्यानं सांगायला नको. पुरावा तर घराजवळच आहे. ४ जून २०२१ रोजी इथल्याच ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात कर्करोगावरची भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती रुग्णावर वापरली गेली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, कर्करोगाच्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक विषाणूच्या वाहकातून त्यांत घालायचं, पेशी वाढवायच्या आणि परत त्याच्याच रक्तात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचारपद्धतीला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशींवर पीएच.डी.च्या मुलांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना विद्यार्थी कसं म्हणायचं?

काकांना हे ऐकवलं. त्यांची हयात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यात गेली. ते शांतपणे म्हणाले, "उमेदवारी आम्हीही केली. दोन वर्षांत हात बसला. हिचा का बसत नाही?" मी पैशांवर घसरलो: जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, त्यात ना भविष्यनिर्वाह निधी, ना नोकरीची हमी. हे खरं असलं तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

उत्तर मला आईच्या विरजणात सापडलं. पितळेची समई एकदा ओतली की ओतली. पन्नास वर्षांनी घासा, तीच समई. विरजण तसं नसतं. आई आदल्या दिवशीच्या दह्यातून चमचाभर काढून ठेवायची, आणि उन्हाळ्यात तेच दही आंबट, थंडीत लागायलाच तयार नाही. गावाला जाताना ती शेजारणीकडे वाटीभर विरजण ठेवून जायची. परत आणलेलं विरजण तिला कधी आपलं वाटलं नाही. ओतीव वस्तू आपण संपवतो, विरजलेली सांभाळतो.

काकांचं काम ओतीव होतं. भाचीचं नाही. तिनं ई. कोलाय जिवाणूत हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारा जनुकांचा परिपथ बसवला. शुक्रवारी झकास चमकला, मंगळवारी फिका. कारण साधं आहे. आपण घातलेलं सामान वाहताना पेशीची शक्ती खर्च होते, म्हणून ती मंदावते. एखादीनं ते टाकून दिलं की तिची पिल्लं भराभर वाढतात. सगळं अनुकूल असेल तर हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. चार दिवसांत बंडखोरांचंच राज्य येतं. प्रतिजैविक घालून प्लास्मिड, म्हणजे परिपथ वाहणारं डीएनएचं कडं, टिकवता येतं, पण परिपथातच उत्परिवर्तन झालं तर तोही उपाय हरतो.

म्हणजे काका बरोबर होते, आणि मी भाचीसाठी चुकीची पदवी मागत होतो. ती अजून शिकतेच आहे. हात बसला असं ज्या दिवशी तिला वाटेल त्या दिवशी तिच्या पेशी तिला चकवतील. चूक 'शिकणं' या शब्दात नव्हती. शिकणं म्हणजे कामाआधीचा, फुकटात उरकायचा काळ, असं आपण धरून चाललो आहोत. इथे तर शिकणं हेच काम आहे, आणि ते पन्नाशीतल्या प्राध्यापकालाही सुटत नाही. मग त्याला पगार का आणि हिला मानधन का?

गेल्या वर्षी तिची फेलोशिप चार महिने आली नाही. त्या चार महिन्यांतही ती रविवारी रात्री प्रयोगशाळेत कल्चर लावायला जात होती, कारण पेशी कुणासाठी थांबत नाहीत. काकांना एवढंच विचारायचं राहिलं आहे: उमेदवारीत असताना त्यांच्या हातात महिन्याच्या कितव्या तारखेला पैसे पडायचे?