साल आणि फूल

फेब्रुवारीत बोरी अरबहून दारव्ह्याकडे निघालं की संत्र्याचा बगीचा दिसायच्या आधी त्याचा वास येतो. झाडांचा ताण तोडून पाणी सोडलेलं असतं, आंबिया बहार फुटलेला असतो आणि संध्याकाळची हवा त्या वासानं जड झालेली असते. मृग बहाराची फळं उतरवून बाजारात यायला लागतात, तीही याच दिवसांत. फूल आणि फळ एकाच महिन्यात हाताशी यावं हे मोठं भाग्य आहे, आणि वऱ्हाडात आपण ते फारसं मोजत नाही. फळ क्रेटमध्ये भरून जातं, फुलं झाडाखाली पडून सुकतात, साल उकिरड्यावर जाते.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये १८८८ साली हेन्री रामोस नावाच्या माणसानं एक पेय बसवलं. जिन, लिंबाचा रस, साखर, साय, अंड्याचा पांढरा भाग, सोडा, आणि या सगळ्यात संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे अगदी मोजके थेंब. ते इतका वेळ घुसळावं लागे की तेवढ्याच कामासाठी त्यांच्याकडे पोरं उभी असत. आजही जगभर ते रामोसांच्याच नावानं मागतात. मला त्या कृतीत सगळ्यात जास्त ओढ वाटते ती त्या थेंबांची. ज्या फुलाचा अर्क तिथं बाटलीतून मोजून घालतात, त्याचं भावंड आपल्याकडे बांधावर पडलेलं असतं.

जिनमध्ये मुळात असतं काय? बिनवासाचं स्पिरिट, त्यात ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं, धणे, लिंबा-संत्र्याच्या साली, काही मुळ्या. धण्यांच्या तेलात लिनालूल नावाचं जे सुवासिक द्रव्य सर्वाधिक असतं, तेच संत्र्याच्या फुलातही असतं. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातले धणे आणि बगीच्यातला बहार वासानं एकमेकांचे नातेवाईकच. गोव्यात गेल्या काही वर्षांत ग्रेटर दॅन, हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स अशा जिन तयार होऊ लागल्या. त्यांची ओळखही आपल्या मातीतल्या मसाल्यांवर आणि सालींवर उभी आहे. स्पिरिटचं काम वास धरून ठेवण्याचं. सालीतलं तेल पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं, एवढंच.

पण ते तेल साखरही ओढून घेते. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येतं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारूबद्दल हलकेपणानं लिहिता येत नाही, लिहूही नये. शेजारचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. आपल्याकडेही गावोगावच्या बायांनी दुकानं बंद करा म्हणून मोर्चे काढले. त्यांनी घरात काय सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि फुलांची दारू आपल्याला नवी नाही. घाटंजी, केळापूर, झरीकडे कोलाम-गोंड वस्त्यांवर पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या माणसांना फुलातून काय काय निघतं हे कुठल्याही बारवाल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून पुण्या-मुंबईहून सुटीत आलेली पोरं जिनची बाटली घेऊन स्वयंपाकघरात संत्री सोलायला बसतात, तेव्हा मला वाटतं की सुरुवात बाटलीपासून होऊ नये. सुरुवात सालीपासून व्हावी.

दोन संत्री स्वच्छ धुवायची आणि सालीचा फक्त वरचा केशरी पापुद्रा काढायचा. आतलं पांढरं आलं तर कडवटपणा उतरतो. अर्धी वाटी साखर घालून तो हातानं चांगला चुरडायचा आणि झाकून ठेवायचा. चार-पाच तासांत साखर ओली होते, तेल सोडवून घेते. लहानपणी साल एकमेकांच्या डोळ्यांत पिळून जे झोंबवलं, तेच हे तेल. दुसऱ्या बरणीत साखरेचा एक थर, संत्र्याच्या फुलांचा एक थर असं दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवायचं आणि मग फुलं काढून टाकायची. दोन्ही साखरा थोड्या पाण्यात विरघळवून गाळल्या, त्यात एका लिंबाचा रस पिळला, की मुख्य काम झालं. पेल्यात थोडा पाक, वर थंडगार सोडा किंवा माठातलं पाणी.

हा पेला आजीलाही देता येतो, नातवालाही. ज्याला हवी, ज्याचं वय तेवढं आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्यानं आपल्या पेल्यात तीस मिलिलिटर जिन वेगळी घालावी. आपल्या राज्यात स्पिरिटसाठी पंचवीस वर्षांची अट आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. पण तबकातले पेले सारखे दिसले पाहिजेत. न पिणाऱ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवून बाकीचे रंगात येतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ते टोचलं आहे. चव ज्या वासातून येते तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला, तर कुणालाही 'मी घेत नाही' हे समजावून सांगत बसावं लागत नाही.

फुलं मात्र कुठलीही उचलायची नाहीत. बहारावर सिला किडीसाठी फवारणी होते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते विसरण्यासारखं नाही. ज्या झाडावर औषध मारलेलं नाही, अशा परसातल्या झाडाचीच फुलं घ्यावीत, तीही बागवानाला विचारून. फांदी ओरबाडायची गरज नसते. संत्र्याच्या शंभर फुलांतली एक-दोनच फळ धरतात, बाकीची आपोआप गळतात. पहाटे झाडाखाली जुनं धुतलेलं लुगडं अंथरलं की ऊन चढायच्या आत ओंजळभर ताजी फुलं मिळतात. दुपारपर्यंत ती तपकिरी पडतात आणि वास उतरतो, म्हणून साखर आदल्या रात्रीच मोजून ठेवावी. बहार फार दिवस राहत नाही. यंदाची झाडं आता फुलली आहेत, आणि मृगाची संत्रीही अजून बाजारात आहेत.