दाटीतली मोहरी

जानेवारीत दिल्लीहून झज्जर-रेवाडीच्या बाजूला निघाले की शहर संपता संपता मोहरीची पिवळी रानं लागतात. लांबून सगळं एकसारखं दिसतं. बांधावर उतरलं की फरक कळतो. पेर दाट पडली आहे तिथली रोपं उंच, काटकुळी, पानं थोडी आणि फिकी. कडेला मोकळं उगवलेलं झाड मात्र बुटकं, भरपूर फांद्यांचं, पान बोटांत धरलं तर जाड लागतं. बियाणं एक, माती एक, पाणीही एकाच पाटाचं.

पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांत विरळणी करावी, हे कुठलाही जाणता शेतकरी सांगेल. खतपाण्यात वाटेकरी नकोत, हे त्याचं कारण खरंच आहे. पण ते अर्धं. उरलेलं अर्धं प्रकाशात आहे. पान उन्हातला तांबडा भाग स्वतःसाठी ठेवतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-तांबडा बराचसा परत फेकतं. त्यामुळे शेजारी पान असलं की तिथल्या उजेडातलं या दोहोंचं प्रमाण बदलतं. रोपातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण सतत जोखत असतं. दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र महेश्वरी आणि जेएनयूत सुधीर सोपोरी यांच्या प्रयोगशाळांनी याच रंगद्रव्याच्या कामगिरीवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९०मध्ये अर्जेंटिनातल्या कार्लोस बायारे आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या मोहरीच्या आणि धोतऱ्याच्या रोपांवर दाखवलं, की सावली अंगावर पडायच्या आधीच, केवळ शेजाऱ्याच्या पानावरून परतलेल्या प्रकाशानं रोप उंच व्हायला लागतं. भिंतीच्या सावलीत उजेड घटतो, पण हे प्रमाण फारसं बिघडत नाही. म्हणजे भिंत कोणती आणि प्रतिस्पर्धी कोण, हे रोपाला कळतं.

पुढची गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. शेजाऱ्याची चाहूल लागली की रोप उंचीवर खर्च वाढवतं आणि बचावावरचा कमी करतं. कुरतडणाऱ्या किडीविरुद्ध पानाला सावध करणारं जॅस्मोनिक आम्ल, रोगजंतूंविरुद्ध उभं करणारं सॅलिसिलिक आम्ल, या दोन्हींच्या हाकेला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. आपण अशा रोपाला ‘कमजोर’ म्हणून मोकळे होतो. ते कमजोर नाही, त्यानं हिशेब केला आहे: ऊनच मिळालं नाही तर बचाव करून वाचवायचं काय? निसर्गात हा हिशेब अनेकदा बरोबर ठरतो, कारण तिथे चार बोटं उंच झालेल्याला खरोखर ऊन मिळतं. शेतात एकाच वाणाची, एकाच दिवशी पेरलेली हजारो रोपं तोच हिशेब एकाच वेळी करतात. सगळीच उंच होतात, त्यामुळे कुणीच कुणाच्या वर जात नाही, आणि मावा आला की सगळीच उघडी सापडतात. इतका शहाणपणाचा निर्णय इतका फुकट गेलेला क्वचितच पाहायला मिळतो. (दिल्लीच्या रिंगरोडवर सकाळी साडेनऊला जरा उभं राहावं, मग ‘क्वचित’ हा शब्द मागे घ्यावासा वाटतो.)

नोएडा-गुडगावच्या उंच इमारतींत हेच बाल्कनीत घडतं. ऊन येणारा कोपरा एकच, म्हणून तुळस, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता सगळ्यांची तिथेच कोंबाकोंबी. त्यातून धूळ-धुरासाठी बाल्कनीला काच लावलेली. साध्या काचेतून उजेड येतो, पण उन्हातली अतिनील-बी किरणं बहुतेक अडतात. नेमक्या याच किरणांच्या जाणिवेनं पान फ्लेव्होनॉइडसारखी संरक्षक द्रव्यं तयार करतं. ती जाणीव यूव्हीआर-८ नावाचं प्रथिन करून देतं, हे २०११मध्ये दाखवलं गेलं. काचेआडचं रोप हिरवंगार, पण कोवळंच राहतं. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की आपण थेट कडुनिंबाच्या तेलाची बाटली काढतो. फवारा चुकीचा नाही. पण कुंड्या किती खेटून ठेवल्यात, हे त्याआधी पाहायला हवं.

उलट टोकही आहे. हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप नर्सरीतून आणून मे महिन्यात एकदम गच्चीवर ठेवलं तर पान करपतं. जास्तीचा प्रकाश उष्णता करून टाकून द्यायची यंत्रणा पानात असते. तिला तयार व्हायला वेळ लागतो. तेवढा मिळाला तर तेच कडक ऊन सोसवतं.

तेव्हा यंदाच्या धुक्यात उजेड आधीच कमी असताना एवढं करा: कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, दुपारी काच सरकवा, आणि होळीनंतर रोपं बाहेर काढाल ती आधी सकाळच्या उन्हात, तीही रोज थोडी थोडी.