हंडा कुणाचा?

शिंगरू ऐन उन्हाळ्यात जन्माला येतं, हा त्याचा दोष नाही आणि घोडीचाही नाही. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येते, आणि फळल्यापासून साधारण अकरा महिन्यांनी व्यायला होते. म्हणजे यंदाच्या चैत्रात फळलेली घोडी पुढच्या फाल्गुन-चैत्रात मोकळी होणार. जिथं कडाक्याचा हिवाळा सरून वसंतात गवत उगवतं, त्या थंड मुलखात हे गणित बरोबर बसतं. पिल्लू उभं राहतं तेव्हा आईच्या पायाखाली हिरवळ असते. आमच्या माणदेशात गवत उगवतं ते आषाढ-श्रावणात, तेही पाऊस आला तर. चैत्रात इथं नुसती कुसळं असतात. घोडं माणसानं इकडं आणलं, पण त्याच्या अंगातलं पंचांग जुन्या मुलखाचंच राहिलं.

हे आधीच सांगायचं कारण असं, की 2013 च्या दुष्काळात "शिंगराचं नशीब, दुसरं काय" असं म्हणणारी माणसं मला पुष्कळ भेटली. वाईट कुणीच नव्हती. आपापल्या दावणीला काय उरलंय याची चिंता ज्याला त्याला होती. पण नशीब कसलं? घोडी आबांनी फळवली होती. आदल्या वर्षी पाऊस दगा देणार हे त्यांना ठाऊक नव्हतं हे खरं. तरी ते शिंगरू आपल्या पायांनी आमच्या दारात आलं नव्हतं, आम्ही ते आणलं होतं. ज्याला आपण जगात आणलं त्याच्याबाबतीत नशिबाचं नाव घेणं मला तेव्हाही पटलं नाही.

घोडी आमच्याकडं होती ती जुन्या दिवसांची खूण म्हणून. आज्जाच्या वेळेला दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाडा बाहेर पडायचा, तेव्हा सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असायचं. भांडी, वाघर, कोंबड्या, कोकरं, कधी तापानं फणफणलेलं पोरसुद्धा. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही बुटकी, काटक घोडी. मराठ्यांच्या फौजा याच जातीवर दौडल्या असं सांगतात. अलीकडं 'भीमथडी' ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदप्तरी नोंदली गेली, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. पण त्या उन्हाळ्यात टँकरच्या वहीत माणसं मोजली जायची आणि चारा छावणीच्या वहीत गायी, बैल, म्हशी. घोडीला कुठल्याच वहीत ओळ नव्हती.

टँकर दिवसाआड यायचा. हिशेब माणशी 20 लिटरचा. आम्ही घरात पाच माणसं, म्हणजे दिवसाला 100 लिटर. अंगावर पिणारं शिंगरू असलेली घोडी उन्हाळ्यात दिवसाला 40-50 लिटर पाणी सहज पिते. आता यातून वाट कशी काढायची?

शिंगरू तीन आठवड्यांचं होतं. चॉकलेटी रंग, कपाळावर चांदवा, आणि अंगाच्या मानानं पाय इतके लांब की बसताना त्यांचं काय करावं हे त्याला कळायचं नाही. त्या वयाचं शिंगरू पोटभर असं एकदम पीत नाही. तासात तीन-चार वेळा थोडं थोडं लुचतं. त्याचं अन्न तेच आणि पाणीही तेच. त्यामुळं शिंगराला पाणी पाजायचं म्हणजे खरं तर घोडीला पाजायचं. घोडीचं पाणी तुटलं की दूध तुटतं, दूध तुटलं की लेकरू दोन दिवसांत सुकतं.

एका दुपारी आई म्हणाली, "अवं, शिंगरू पीत न्हाय. घोडीची कास बघा, दूध गळतंय."

आम्ही गेलो तर कास तट्ट दाटलेली आणि सडातून दूध ठिबकत होतं. शिंगरू आडवं पडलं होतं. नाकपुड्या फेंदारलेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, कान लोंबलेले. घोडी तोंडानं त्याला ढुसण्या देत होती आणि ते उठत नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी ताप बघितला, 105 भरला. शिंगराला एकशे दीड-दोनपर्यंत चालतो, त्यापुढं नाही.

त्यांनी सांगितलेलं साधं होतं, पण आमच्या समजुतीच्या उलटं होतं. पत्र्याच्या छपराला सावली म्हणू नका, ती भट्टी आहे, लिंबाखाली न्या, असं ते म्हणाले. गार पाण्यानं कळ येते, झटका बसतो, हे डोक्यातून काढा. अंगावर पाणी ओता, मानेवर, छातीवर, पायांच्या आतल्या बाजूला, आणि ओततच राहा. नाका-कानात मात्र जाऊ देऊ नका. पडलेल्या जनावराच्या तोंडात बळंच काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शेजारच्या काकांनी मायेनं ओलं गोणपाट आणून त्याच्या अंगावर पांघरलं होतं. डॉक्टरांनी ते काढायला लावलं. ते म्हणाले, "ओलं कापड अंगावर टाकून निघून गेलं की थोड्या वेळात तेच तापतं, आणि आतली उष्णता आतच कोंडते. अंगावरच्या पाण्याला वारं लागलं पाहिजे. पाणी वाळतं तेव्हा उष्णता घेऊन जातं."

मला त्या गोणपाटाचं फार वाटलं. माया खरी होती, पण ती जनावराच्या अंगाला विचारून केलेली नव्हती. आपल्याला जे बरं वाटतं ते त्यालाही वाटणार, असं आपण धरून चालतो.

संध्याकाळपर्यंत पाच-सहा हंडे पाणी त्याच्या अंगावर गेलं. ऊन उतरल्यावर ते उठलं, धडपडलं, पुन्हा उठलं, आणि कासेला लागलं. आबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आता रोज दुपारी असंच करायचं. घोडीला चार हंडं पाजायचं, आन् ह्याच्या अंगावर चार."

त्यावर आई जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. आवाज चढवून बोलली नाही. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, तशीच म्हणाली, "दया तुमची, हंडा माझा. तुम्ही म्हणायचं पाज, आन् मी आणायचं."

घरात कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. टँकर आला की पाइपाखाली झोंबाझोंबी करणारी ती, कमी पडलं की पाऊण कोसावरच्या विहिरीवर पहाटे जाणारीही तीच. शिंगराला वाचवायचं हे ठरवलं आबांनी, आणि त्याची किंमत जाणार होती तिच्या मानेतून.

लहानपणी शाळेत नाथांची गोष्ट सगळ्यांनीच ऐकलेली असते. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेल्या एकनाथांनी तापल्या वाळूत तडफडणारं गाढव बघितलं आणि देवासाठी आणलेलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. या कथेवर बोलताना कीर्तनकार गाढवातल्या देवाबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण आईचं बोलणं ऐकल्यापासून त्या कथेतली दुसरीच गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं येते. ती कावड नाथांच्या स्वतःच्या खांद्यावर होती. इतक्या लांबून त्यांनीच ती वाहून आणली होती. बरोबरच्या एखाद्या यात्रेकरूला "तुझं पाणी ओत" म्हणून ते पुढं चालू लागले असते, तर ती कथा कुणी सांगितली असती का?

दया खरी की खोटी, हे मनातल्या कळवळ्यावरून ठरत नाही, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. कळवळा आबांचाही खरा होता, गोणपाट आणणाऱ्या काकांचाही. प्रश्न एवढाच असतो, की त्या कळवळ्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो? आपल्या घरांत, गावांत पुष्कळ पुण्यकर्मं अशी चालतात. पंगतीचं नाव एकाचं आणि भाकऱ्या दुसरीच्या. पुण्य लागतं ते मात्र नाव असलेल्याला.

आबांच्या मनाला ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले तेव्हा बाहेर अंधार होता. त्यांनी सायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधले आणि विहिरीवर गेले. तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. पुढचा सव्वा महिना, मिरगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत, घोडीच्या पिण्याचं पाणी त्यांनी आणलं. मी घरी असेन तेव्हा मी जायचो. आई त्या पाण्याला गेली नाही, आणि तिनं जावं असं पुन्हा कुणी म्हणालंही नाही.

शिंगराच्या अंगावर ओतायच्या पाण्याची वाट मात्र आईनंच काढली. ते पाणी पिण्याचं असायला हवं असं थोडंच आहे? भांडी राखेनं घासून पहिल्या पाण्यात बुडवायची, दुसऱ्या पाण्यात काढायची, आणि ते दुसरं पाणी घमेल्यात धरायचं. अंघोळी बिनसाबणाच्या, परातीत बसून. ते पाणीही घमेल्यात. दुपारी बारा ते चार शिंगरू लिंबाखाली, आणि दर घटकेला त्याच्या अंगावर तांब्या तांब्या पाणी. पाणी तेच, पण ते दोनदा कामाला येऊ लागलं. शिंगरू वाचलं.

इथं थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती पुरी होणार नाही. आमच्या मोरीच्या तोंडाशी एक लिंबोणी होती. आईनं लावलेली, आठ-नऊ वर्षांची. बारा महिने लिंबं द्यायची, शेजारपाजारही तिच्यावर भागायचा. ती जगत होती मोरीच्या सांडपाण्यावर. ते पाणी त्या वर्षी शिंगराकडं गेलं. वैशाख संपता संपता लिंबोणीची पानं मुरडली, मग गळली. पाऊस पडल्यावर फुटेल म्हणून आम्ही वाट बघितली. ती फुटली नाही.

आई त्याबद्दल काही बोलली नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, "झाडच ते, दुसरं लावता येईल." तेव्हा ती एवढंच म्हणाली, "व्हय, लावता येईल की." पण लिंबोणी वाळत असताना तिला ती दिसत होती, आणि पाणी कुठं वळवायचं हे तिनंच ठरवलं होतं. आबांनी सायकलीवरून पाणी वाहिलं ते सगळ्या गावानं बघितलं. लिंबोणीचं गाऱ्हाणं मात्र कुणी मांडलं नाही.

एका जिवाला वाचवताना दुसऱ्याच्या तोंडचं पाणी तुटतं, हे टंचाईत टळत नाही. अशा वेळी कुणालाच पाणी देऊ नये असा याचा अर्थ मी काढत नाही. शिंगराला द्यायलाच हवं होतं, आमच्यामुळंच ते त्या उन्हात जन्माला आलं होतं. पण देताना कुठून काढलं हे माहीत असावं, आणि ज्याच्या वाट्याचं काढलं त्याला निदान विचारावं. झाडाला विचारता येत नाही, माणसाला येतं.

हिशेब मांडणारी माणसं निष्ठुर असतात असं मला पूर्वी ऐकवलं जायचं. दयेत मोजमाप कसलं, असं म्हणतात. पण आमच्या घरात हंडे मोजणारीच होती जिनं घोडीच्या कासेतून गळणारं दूध सगळ्यांच्या आधी बघितलं. पाणी घेऊन रोज तिच्यापाशी जायची तीच. ओझं वाहणाऱ्याला जनावराची हालत लवकर कळते, आणि ओझ्याचं वजनही त्यालाच ठाऊक असतं. त्यामुळं कुणी दयेची गोष्ट काढली की मी आधी बघतो, हंडा कुणाच्या डोक्यावर आहे. आपल्या डोक्यावर असेल तर खुशाल ओतावा.