गाडी तीच, इंजिन दुसरं

मामाच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जीप-ट्रक उभा आहे. महिंद्राचा एफसी-१५०, १९६९ सालचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला नसेल, म्हणून सांगतो. नाक नसलेली जीप आणि तिच्या मागे हौदा. बॉनेट नाहीच. इंजिन थेट केबिनमध्ये, दोन सीटच्या मधोमध, एका लोखंडी पेटीखाली. लहानपणी त्या पेटीवर गोणपाट टाकून आम्ही बसायचो. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून कोल्हापूरच्या मार्केट यार्डापर्यंत मागे गुळाचे रवे आणि खाली धगधगणारं इंजिन.

मामा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी त्याच्याही आधीपासून बंद आहे. गेल्या दिवाळीत मामेभावाने, म्हणजे दादाने, ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. पत्रा, रंग, वायरिंग यांवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि सांगितलं, ब्लॉकला तडा गेलाय. हे वाचणार नाही. दुसरं बघा.

तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चालू होता. दुसरं म्हणजे कुठलं?

पर्याय चार होते. पहिला, कंपनीतून गाडी निघाली तेव्हा तिच्यात होतं तसं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन शोधायचं. दुसरा, मामाने नंतर बसवलं होतं त्याच जातीचं जुनं डिझेल इंजिन घ्यायचं. तिसरा, बोलेरोचं इंजिन बसवून मोकळं व्हायचं. आणि चौथा, पुण्यात शिकणाऱ्या भाचीचा: इलेक्ट्रिक करा.

माझं मत पक्कं होतं. पेट्रोल. रिस्टोर करायचं तर मूळ रूपातच करावं, नाहीतर नवीन गाडी काय वाईट? हरिकेन हे साधंसुधं इंजिनही नव्हे. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. अशी रचना आता कुणी करत नाही. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मग ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली खास नंबरप्लेट मिळते. दादाला त्या प्लेटचा मोह होता. खरं सांगायचं तर मलाही.

या प्रश्नाला तत्त्वज्ञानात जुनं घराणं आहे. थिसिअसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली. सगळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिलं का? आनंद गांधींच्या सिनेमामुळे हे नाव आपल्याकडेही माहीत झालं. पण त्याहून जवळचं उदाहरण ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. त्यात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग निघतं ते असं की, हे सगळे भाग एकत्र असतात तेव्हा आपण त्याला ‘रथ’ म्हणतो. भागांपलीकडे वेगळा रथ कुठे दडलेला नसतो.

हे मी मोठ्या उत्साहाने ग्रुपवर टाकलं. दादाचा रिप्लाय आला: “बरं, मग इंजिन कुठलं घेऊ?”

दादा बरोबर होता. गाडी तीच राहते का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी कुठलं इंजिन घ्यायचं ते ठरत नाही. आणि ‘मूळ’ या शब्दावर मी एवढा भार टाकत होतो, पण तोही जरा खरवडला की पोकळ वाजतो. जीपचाच इतिहास बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये बुटकं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. पुढे विलिजने त्याच्या जागी हरिकेन आणलं. ते उंच होतं, जुन्या बॉनेटखाली मावेना. मग १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलमध्ये बॉनेटच उंच केलं. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं जी जीप बनवली, तिचा तो उंच कपाळाचा चेहरा असा आला. म्हणजे जिला आपण अस्सल जीप म्हणतो, तिचा चेहराच इंजिन बदलल्यामुळे घडलेला आहे.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मामीसमोर विषय निघाला. मी तिला पेट्रोल इंजिन कसं मूळचं आणि दुर्मिळ हे समजावून सांगत होतो. ती शेंगा फोडत ऐकत होती. मग म्हणाली, “त्या पेट्रोलनंच तर गाडी दारात बसवली हुती की रे दीड वरीस.”

हे मला माहीत नव्हतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागत गेलं. डिझेल मात्र बस, ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी सरकारने स्वस्त ठेवलं होतं. डिझेलच्या दरावरचं हे नियंत्रण थेट २०१४ साली उठलं. गुळाच्या भाड्यात पेट्रोल परवडेना, म्हणून मामाने गाडी उभी करून ठेवली. देशभरात हजारो जीप, अँबॅसेडर अशाच डिझेलवर आल्या. १९८४ साली मामाने अपघातात गेलेल्या एका जीपचं डिझेल इंजिन घेतलं. त्यासाठी मामीच्या पाटल्या विकल्या. उद्यमनगरात मिस्त्रींनी चेसिसवर नवे माउंटिंग वेल्ड केले. डिझेल इंजिन उंच, म्हणून सीटमधली ती लोखंडी पेटी कापून वरून पत्रा जोडला.

आम्ही ज्यावर बसायचो ती हीच पेटी. तिच्यावरची वेल्डिंगची शिवण मी मांडीला टोचताना अनुभवलेली आहे. पेट्रोल इंजिन बसवायचं म्हणजे ते माउंटिंग ग्राइंडरने उडवायचे आणि ती पेटी भंगारात द्यायची. कंपनीतून निघाली तशी गाडी मिळाली असती, पण मामीच्या पाटल्या तिच्यातून पुसल्या गेल्या असत्या.

तेव्हा मला कळलं की ‘मूळ रूप’ म्हणताना मी एक तारीख निवडत होतो आणि बाकीच्या तारखा खोडत होतो. १९६९ खरं आणि १९८४ म्हणजे बिघाड, असं ठरवणारा मी कोण? कारखान्यातल्या इंजिनिअरचं काम तेवढं अस्सल आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रींचं काम म्हणजे जुगाड, या हिशेबात थोडी जातही आहे आणि थोडा वर्गही.

दुसरी गोष्ट त्याहून टोचणारी. एका ओळखीच्या माणसाने दादाला सुचवलं होतं: भंगारातून हरिकेन उचला, ब्लॉकवरचा नंबर घासा, आरसीवरचा जुना नंबर पंच करा. कुणाला कळतंय? जुन्या गाड्यांच्या बाजारात चेसिस आणि इंजिनचे नंबर मूळ नोंदीशी जुळले की किंमत वाढते, म्हणून जगभर हे चालतं. इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. बदललंच नाही असं दाखवणं ही लबाडी आहे. गाडी जुनी असल्याचा मान हवा असेल, तर जुनी होताना तिच्यावर जे झालं तेही मान्य करावं लागतं.

मग सरळ डिझेल बसवा, विषय संपला? नाही. भाचीने तेव्हा एक वाक्य लिहिलं, त्याला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. “आजोबांची आठवण तुमची आहे, धूर सगळ्यांचा आहे.” जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. मामाला १९८४ साली हे माहीत नव्हतं, मला आज माहीत आहे. इलेक्ट्रिक म्हणजे जुन्या गाडीचा अपमान, असंही आता म्हणता येत नाही. २०२१ साली खुद्द फोर्डने आपल्या १९७८ च्या एफ-१०० पिकअपमध्ये इलेक्ट्रिक मोटरी बसवून ती प्रदर्शनात मांडली. रोज धावणारी गाडी असती तर मी भाचीच्या बाजूने मत दिलं असतं. वारसा आहे म्हणून शेजाऱ्याच्या फुप्फुसावर आपला हक्क होत नाही.

शेवटी दादाने ठरवलं ते असं. त्याच जातीचं डिझेल इंजिन, नीट बांधून घेतलेलं, फ्युएल पंप आणि नोझल तपासून घेतलेले. नवा इंजिन क्रमांक आरटीओत रीतसर नोंदवायचा. ‘व्हीए’ प्लेटचा नाद सोडायचा. गाडी वर्षातून मोजून चार-पाच वेळा काढायची. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी लावायची: १९६९ पेट्रोल, १९८४ डिझेल, आणि आता हे तिसरं. पुढे कुणी चौथं बसवलं, तर त्यानेही खाली लिहावं.

हा निर्णय सगळ्यांना पटलेला नाही. भाची अजून नाराज आहे, आणि तिची नाराजी मला योग्य वाटते. कदाचित चौथी ओळ तीच लिहील. तिने ती पेटी तेवढी ठेवावी, एवढंच माझं म्हणणं आहे. खाली बॅटरी असेना का.

गेल्या आठवड्यात इंजिन बसलं. दादाने व्हिडिओ पाठवला. मामीला पुढच्या सीटवर बसवलं होतं. गाडी सुरू झाली तशी तिने हात लांब करून त्या जोडलेल्या पत्र्यावर ठेवला, तापला का बघायला.