हातातला घास

भुकेल्याला घास द्यावा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण ज्याला भूक नाही त्याला, त्याचे हित न पाहता, केवळ आपल्या समाधानासाठी घास दिला तर त्याला दान म्हणावे काय? हा प्रश्न आम्हाला कोणा शास्त्र्याने घातला नाही. केरळातल्या एका साध्या वनरक्षकाने घातला.

रामेश्वर-मदुरा करून परतताना आमची मंडळी मुन्नारला उतरली. तिथून जवळच इरविकुळम हे राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वी चहामळ्यांच्या साहेबांचे हे शिकारीचे रान होते; १९७८ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र ९७ चौरस किलोमीटर. आपली गाडी खालीच ठेवायची आणि वनखात्याच्या बसमधून राजमलैपर्यंत जायचे, असा तिथला नियम.

बस वळणे घेत चढू लागली. खाली कातरलेला चहा, वर नुसते गवत आणि काळे कातळ. पुढे आनामुडी, पश्चिम घाटातले सर्वांत उंच शिखर, २६९५ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर, एवढे सांगताच सगळ्यांच्या माना खिडकीतून वर झाल्या!

बसमधून उतरून चार पावले चाललो, तो रस्त्याच्या कडेलाच एक मादी पिलासह चरताना दिसली. नीलगिरी ताहर हा तो प्राणी, तमिळमध्ये वरयाडू. दक्षिणेतल्या या डोंगरांपलीकडे तो जगात कुठेच रानात सापडत नाही, आणि या एका उद्यानात त्याची संख्या सुमारे ८०० आहे. माणसाला तो बिचकेना. आमच्यातल्या सत्तरीच्या एका माउलीने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला आणि हात पुढे केला. तोच वनरक्षक धावत आला.

आम्ही जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "अरे बाबा, मुक्या जीवाला घास देणं हा आमचा धर्म आहे!"

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "महाराज, ती उपाशी नाही. सगळा डोंगर तिचाच आहे. आज लाडू खाईल, उद्या लाडवासाठी रस्त्यात उभी राहील. गाडीखाली गेली तर दोष कोणाचा?"

आम्ही गप्प. माउलीने मात्र त्याच्याकडे पाहून विचारले, "तू काही खाल्लंस का रे बाळा?" तो सकाळपासून उभा होता. लाडू त्याच्या हातावर पडला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहावे असे सांगितले आहे, आणि परतफेडीची आशा नसावी असेही. चाळीस वर्षे आम्ही यावर निरूपण केले. पण त्या क्षणी आमच्या हातात काय होते? मोबाइल! माउली घास देते आहे असा फोटो आम्हाला काढायचा होता. म्हणजे त्या मुक्या जीवाकडून आम्ही मोबदला मागतच होतो. दया लाडवात होती. आमच्या हातात हौस होती.

कोणी म्हणेल, मग दारच्या गाईला, कुत्र्यालाही घास घालू नये काय? अवश्य घालावा. त्यांना माणसाने आपल्या दाराशी बांधले; त्यांचे पोट आपल्या माथ्यावर आहे. रानातल्या जीवाचे पोट रान भरते. त्याला आपण देण्याजोगी वस्तू एकच: त्याची वाट मोकळी सोडणे.

उन्हाळ्याच्या तोंडाला, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, माद्या विण्याच्या दिवसांत हे उद्यान प्रवाशांना बंद असते. त्या वेळी लांबून आलेली माणसे हळहळतात. आषाढीला अहोरात्र उभ्या राहिलेल्या देवालाही शीण येतो म्हणून आपण प्रक्षाळपूजा करतो. मग नुकत्याच व्यालेल्या आईला चार दिवस माणसांपासून विसावा मिळाला, तर आपले काय गेले?

आम्हाला हे उमगायला परतीची सगळी वाट लागली. त्या माउलीला मात्र तिथेच उभ्याउभ्या कळले होते. तेव्हा रानात जाल तर डोळे भरून पाहा, पण हात आवरा. आणि घास द्यावासा वाटलाच, तर आधी भूक कुणाला आहे ते विचारा.