गावांची नावे आणि आपला विश्वास



शुभवर्तमानात नासरेथ, काना, कफर्णहूम, बेथानी अशी कितीतरी गावे येतात. ही गावे खरोखर होती का, असे आपली शिकलेली मुले विचारतात. त्यांना गप्प बसवू नये. आपणही त्यांच्याबरोबर विचार करू या.

गावाच्या नावावरून लेखकाची पारख होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा आपल्या भंडाऱ्यातून वेगळा झाला. जुन्या पत्रावर 'मु. पो. आमगाव, जि. भंडारा' असे दिसले की पत्र त्याआधीचे, हे आपण लगेच ओळखतो. बाहेरचा माणूस अशा बाबतीत सहज चुकतो.

संत योहान पाचव्या अध्यायात यरुशलेममधील बेथेस्दा तळ्याला पाच पडव्या होत्या असे सांगतो. काही अभ्यासकांना हे मोशेच्या पाच ग्रंथांचे नुसते रूपक वाटले. परंतु संत ॲनाच्या चर्चजवळ उत्खनन झाले आणि तेथे जोडतळे मिळाले. चार बाजूंना चार व मधल्या बांधावर एक, असा पाच पडव्यांचा हिशेब जुळतो. नासरेथचे नाव जुन्या करारात नाही, म्हणून ते गाव नव्हतेच असेही काहींनी म्हटले. २००९ साली तेथे पहिल्या शतकातील घराचे अवशेष सापडले.

तरीही सगळेच सुटले आहे असे आपण म्हणू नये. भूतग्रस्ताला बरे केल्याची घटना मार्क गरसेकरांच्या प्रदेशात सांगतो, तर मत्तय गदरेकरांच्या. गरसा नगर सरोवरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर. वैनगंगेत नावेतून उतरताच समोर नागपूर लागावे, तसे हे वाटते! जुन्या हस्तलिखितांतही या नावाचे पाठभेद आहेत. काही नक्कलकारांनी एका शुभवर्तमानातील नाव दुसऱ्याशी जुळवले, हे अभ्यासक उघडपणे सांगतात. हा प्रामाणिकपणा आपणही शिकावा.

मग यातून काय सिद्ध होते? शुभवर्तमानांच्या मागे त्या भूमीची खरी ओळख आहे, एवढे नक्की. देवाचा पुत्र 'कुठेतरी' नव्हे, नाव असलेल्या गावात माणूस म्हणून राहिला. पण कुदळ आपल्याला तळ्यापर्यंतच नेते. ३८ वर्षे आजारी असलेला माणूस तेथून उठून चालू लागला, हे खणून सापडत नाही. बरे व्हायची इच्छा आहे का, असे येशूने त्याला विचारले. तोच प्रश्न आज आपल्यापुढे आहे आणि त्याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.

नथनेलाला नासरेथच्या नावानेच शंका आली होती. फिलिप्पाने वाद घातला नाही, येऊन पाहा एवढेच सांगितले. आपल्या घरातही शंकेला असेच उत्तर मिळो. या आठवड्यात योहानाचा पाचवा अध्याय मुलांसह वाचू या, आणि त्यांचे प्रश्न शांतपणे ऐकू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू